तिसऱ्या मिनिटाला पकड का सुटते?

कुस्तीच्या मैदानात खडाखडी जरा लांबली की मागच्या पायरीवरून कुणीतरी ओरडतंच, "आरं, कुस्ती करा की!" दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात टाकून, मनगटं चाचपत, ढकलत-झटकत उभे असतात आणि बघणाऱ्याला वाटतं, काहीच चाललेलं नाही. खरं तर सगळ्यात महागडा व्यवहार तेव्हाच चालू असतो. कोण कुणाच्या पंजाला किती राबवतो, याचा. डाव पुढे दिसतो. तो ज्या पंजाच्या भरवशावर टाकायचा, तो खडाखडीतच दमलेला असतो किंवा राखलेला असतो.

तालमीत नवा पोरगा पहिल्यांदा लढतीला उभा राहिला की जीव खाऊन धरतो. मिनिटभरात त्याचे हात लाकडासारखे होतात, आणि कडेला बसलेले वस्ताद एकच सांगतात, "हात सैल सोड." पोराला हे पटत नाही. सैल सोडलं तर पकड कशी राहणार? वस्तादांचं म्हणणं शरीरशास्त्राच्या भाषेत मांडायचं, तर सुरुवात पंजापासून नव्हे, कोपरापासून करावी लागते.

कारण बोटांत स्नायूच नसतात. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजव्या हाताची बोटं पेटी वाजवल्यासारखी हलवा. कातडीखाली जे वळवळतं, तेच तुमच्या पकडीचं खरं यंत्र. तिथले स्नायू आकसतात आणि कंडरा नावाच्या चिवट दोऱ्यांनी बोटं ओढतात. मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून अशा नऊ कंडरा जातात: चार बोटांसाठी प्रत्येकी दोन आणि अंगठ्यासाठी एक. बोटाच्या दोन कंडरांपैकी एक मधल्या पेरापाशी थांबते, दुसरी थेट टोकाच्या पेरापर्यंत पोचते. कठपुतळीचा दोर वर ओढायचा आणि हात खाली हलायचा, तसाच हा प्रकार. अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळाशी तळहातात काही छोटे स्नायू आहेत, ते पकडीला आकार देतात. पण ओढ येते ती वरूनच.

आता दुसरी परीक्षा. मनगट पूर्ण आत वाकवा आणि तसंच ठेवून मूठ घट्ट आवळा. आवळता येत नाही. बोटं वाकवणारे स्नायू आधीच आखूड झालेले असतात आणि आखूड झालेल्या स्नायूला आणखी ओढायला जागा उरत नाही. शिवाय मागच्या बाजूच्या कंडरा ताणून बोटं उघडायला लागतात. उलट मनगट किंचित मागे, म्हणजे वीस ते पस्तीस अंश झुकलेलं असेल, तर मूठ सर्वांत जोरदार बसते. म्हणूनच मुरलेला पैलवान समोरच्याची बोटं सोडवत बसत नाही; तो मनगट आत दाबतो आणि बोटं आपोआप उघडतात. पकडीचा व्यायाम म्हणून नुसता स्प्रिंगचा चिमटा दाबत बसणाऱ्यांचं इथेच चुकतं. मनगट मागे रोखून धरणारे, हाताच्या पाठीकडचे स्नायू कच्चे राहिले, तर पुढची सगळी ताकद फुकट.

पण मूळ प्रश्न दमण्याचा. धावताना पायाचे स्नायू आकसतात, सैल पडतात, पुन्हा आकसतात. प्रत्येक सैल क्षणी ताजं रक्त आत येतं. घट्ट धरलेल्या मनगटात असा सैल क्षण नसतो. आकसलेला स्नायू स्वतःच्याच आतल्या रक्तवाहिन्या चिमटून धरतो. हलक्या पकडीत रक्त वाहत राहतं; पूर्ण ताकदीच्या निम्म्याच्या पुढे गेलं की पुरवठा जवळजवळ तुटतो. ऑक्सिजन येत नाही, साठवलेली तातडीची ऊर्जा संपते, फॉस्फेट आणि आम्लाचे कण साचतात, हात भरून येतो. हृदय बिचारं रक्तदाब वाढवून रक्त आत ढकलायचा प्रयत्न करतं (रक्तदाबाचा त्रास असणाऱ्याने दीर्घ, घट्ट पकडीचे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच करावेत, ते यामुळे). छातीत दम भरपूर शिल्लक, पण हातात नाही, ही पैलवानाची ओळखीची अवस्था म्हणजे हीच.

जर्मनीतल्या वॉल्टर रोमर्ट यांनी १९६० साली हे आलेखात मांडलं. त्यांचा अभ्यास कारखान्यातल्या कामगारांच्या श्रमांसाठी होता, पण तो आखाड्यालाही तंतोतंत लागू पडतो. पूर्ण ताकदीने धरलं तर काही सेकंद. निम्म्या ताकदीने साधारण एक मिनिट. पाव ताकदीने तीन-चार मिनिटं. रेषा सरळ उतरत नाही, घसरगुंडीसारखी वळते. म्हणजे जोर थोडासा कमी केला तरी वेळ कितीतरी वाढतो.

आता हिशोब करा. समजा, एखादी पकड टिकवायला तीस किलो जोर लागतो. ज्याचा पंजा जास्तीत जास्त चाळीस किलो दाबतो, तो पाऊण ताकद खर्चतोय; त्याचा हात अर्ध्या मिनिटाच्या आसपासच बोलायला लागेल. ज्याचा साठ किलो दाबतो, त्याला तेच काम निम्म्या ताकदीत होतं. निव्वळ ताकद वाढवण्याचा फायदा हा असा आडून मिळतो: जास्त जोरात धरता येतं म्हणून नव्हे, तर तेवढंच स्वस्तात धरता येतं म्हणून.

ताकद हे मात्र अर्धंच उत्तर. ज्युदोत सगळा खेळ प्रतिस्पर्ध्याचा जाड सुती अंगरखा पकडण्याचा, चार मिनिटांची लढत म्हणजे चार मिनिटांची पकडापकडी. २०११ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी वरच्या आणि त्याखालच्या दर्जाच्या ज्युदोपटूंना आडव्या दांड्यावर टाकलेला तोच अंगरखा धरायला लावला. नुसतं लटकून राहण्यात दोन्ही गटांत विशेष फरक दिसला नाही. फरक पडला तो अंगरखा धरून वर-खाली ओढण्याच्या वेळी. तिथे वरच्या दर्जाचे खेळाडू पुढे होते. कडे चढणाऱ्या प्रस्तरारोहकांच्या बाबतीतही असंच आढळतं. सरावलेल्या हाताच्या स्नायूंत, पकड क्षणभर सुटताच, ऑक्सिजन झपाट्याने परत भरतो. कसब धरून ठेवण्यात आहेच, पण सोडल्यावर पुन्हा भरून येण्यातही आहे. वस्तादांचं "सैल सोड" म्हणजे रक्ताला दार उघडून दे. आंतरराष्ट्रीय कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती असते. त्या तीस सेकंदांत हात खाली सोडून झटकणारा मल्ल आणि कमरेवर मुठी आवळून उभा राहणारा मल्ल यांत मी पहिल्यावर पैसे लावीन.

मग तयारी कशी? जुन्या तालमीच्या मेहनतीत याची उत्तरं पुष्कळ आहेत, फक्त त्यांना कुणी 'ग्रिप ट्रेनिंग' म्हणत नव्हतं. फावड्याने हौदा, म्हणजे आखाड्यातला मातीचा खड्डा, उकरणं घ्या: दांडा धरा, उचला, सैल करा, पुन्हा धरा, अर्धा तास. सैल-घट्टची याहून चांगली तालीम मला माहीत नाही. मुद्गलात वजन हातापासून दूर टोकाला असतं, म्हणून पाच किलोचा मुद्गलसुद्धा मनगटाला पंधरा किलोच्या डंबेलपेक्षा जास्त सतावतो. फिरवताना मनगट चारी बाजूंनी सावरावं लागतं. दोरावर पाय न लावता चढणं हे दोन्हींचं मिश्रण. (दोरीच्या मल्लखांबात तर पायाच्या अंगठ्यालाही पकड शिकवतात, पण तो वेगळा विषय.) यातलं काही नसेल, तर आडव्या दांड्यावर जाड टॉवेल टाकून त्याला लटकायचं: दहा सेकंद लटका, पाच सेकंद हात सोडा, असं सहा-सात वेळा. दोन भरलेल्या बादल्या घेऊन जिने चढणंही चालेल. लिफ्ट बंद पडलेल्या इमारतीतल्या लोकांना हा व्यायाम ठाऊक आहे. बोटं उघडणाऱ्या स्नायूंसाठी पालेभाजीच्या जुडीचा रबर पाचही बोटांभोवती अडकवायचा आणि पंजा फाकवायचा. हे सगळं आठवड्यातून दोन-तीनदा, आणि लढतीच्या सरावानंतर. आधी केलंत तर दमलेल्या पंजाने डाव टाकायची खोड लागते.

पहिल्या काही आठवड्यांत जोर भराभर वाढतो. स्नायू फुगलेले नसतात. मेंदू आहेत तेच तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतो, एवढंच. इथेच फसगत होते. कंडरांना रक्तपुरवठा कमी, त्यांना मजबूत व्हायला महिने लागतात. इंजिन वाढलं आणि दोर जुनाच, अशी गत. कोपराच्या आतल्या बाजूला सकाळी उठल्यावर दुखायला लागलं की ओळखायचं, दोराने तक्रार नोंदवली आहे. मेहनत थांबवायची नाही, पण वजन आणि वेळ निम्म्यावर आणायचा.

मातीबद्दल दोन शब्द राहिले. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून हौदा मुरवतात आणि पैलवान एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, ती नुसती रीत नाही. किंचित दमट कातडीचं घर्षण चांगलं असतं, घामाने निथळणाऱ्या कातडीचं वाईट. माती जादा घाम शोषते. मॅटवर ही सोय नाही, तिथे तीच पकड निसटते. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकपर्यंत मातीतच खेळलेले खाशाबा जाधव तिथे मॅटवर सहावे आले आणि चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन परतले. मधल्या काळात पायांबरोबर त्यांच्या हातांनाही नवी जमीन शिकावी लागली असणार. मॅटवर म्हणूनच बोटांवर कमी आणि बांधणीवर जास्त भर देतात. कमरेला मिठी मारल्यावर बोटं बोटांत गुंतवायची नाहीत, ती मोडू शकतात आणि चटकन सुटत नाहीत. तळव्यावर तळवा आडवा ठेवून अंगठे बोटांना चिकटवायचे. १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये एकही गुण न गमावता सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकन मल्ल डॅन गेबल यांच्या नावाने ही बांधणी ओळखली जाते. बाहेर आलेला अंगठा म्हणजे समोरच्याला दिलेली चावी.

शेवटी एक दुखापत, कारण ती किरकोळ समजून सोडली जाते. कपडा किंवा लंगोटाची पट्टी मुठीत आहे, समोरचा हिसका देऊन निसटतो, आणि एका बोटात, बहुतेक वेळा अनामिकेत, चट् होतं. सूज येते, पण बोट हलतं, म्हणून लोक बर्फ लावून गप्प बसतात. तपासायचं असं: मधलं पेर दुसऱ्या हाताने सरळ धरा आणि फक्त टोकाचं पेर वाकवून बघा. वाकलं नाही तर टोकापर्यंत जाणारी ती लांब कंडरा हाडापासून निघालेली असू शकते. अशा बोटाला कुणाला ओढून 'बसवू' देऊ नका. सुटलेली कंडरा तळहाताकडे आक्रसत जाते; त्याच दिवशी हाताच्या शल्यचिकित्सकाला दाखवा, कारण तळहातापर्यंत सरकलेली कंडरा जागेवर शिवायला हातात आठवडा-दहा दिवसच असतात.