चंद्रकला आणि मानवी देहलय

चंद्राच्या कलांनुसार माणसाची झोप, मासिक पाळी आणि मनःस्थिती बदलते, असा समज. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात अवसे-पुनवेला जुनी दुखणी उचल खातात असे सर्रास म्हटले जाते. पुराव्याच्या कसोटीवर यातला झोपेचा भाग थोडाफार टिकतो. बाकीचा बहुतेक टिकत नाही.

शरीरात पाणी जास्त, म्हणून त्यालाही भरती येते, हे नेहमीचे स्पष्टीकरण चुकीचे आहे. पृथ्वीच्या चंद्राकडील आणि पलीकडील बाजूंवरच्या ओढीत फरक पडतो, त्यातून भरती येते. डोके आणि पाय यांच्यातील दोनेक मीटरच्या अंतरात हा फरक नगण्य असतो. राकसकोपच्या जलाशयालाही भरती आलेली दिसत नाही, मग माणसाचे काय!

उजेडाचे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटे पुढे सरकतो. त्यामुळे शुद्ध एकादशीपासून पुनवेपर्यंत दिवेलागणीलाच चंद्र वर असतो. संकष्टीला मात्र तो साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान उगवतो. अर्जेंटिनातील तोबा-कोम समाज आणि सिअ‍ॅटलचे विद्यार्थी यांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुनवेआधीच्या तीन ते पाच रात्री लोक उशिरा आणि कमी झोपलेले आढळले. पण शहरी विद्यार्थ्यांतही हा कल दिसल्याने केवळ चांदण्याने उलगडा होत नाही. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे २०१३ साली ३३ जणांच्या प्रयोगशाळेतील नोंदींत पुनवेच्या सुमारास झोप सुमारे २० मिनिटांनी घटलेली दिसली होती. पुढच्याच वर्षी ४७० जणांच्या नोंदी तपासल्यावर तसे काही आढळले नाही.

स्वतःपुरती तपासणी करायची तर तीन चांद्रमास, म्हणजे सुमारे ८९ दिवस, टिपण ठेवावे. सकाळी उठल्याबरोबर निजण्याची व जाग येण्याची वेळ, रात्री किती वेळा जाग आली ते, आणि चहा-कॉफी शेवटची कधी घेतली ते लिहावे. तिथी मात्र शेवटी, सगळ्या नोंदी झाल्यावर एकदम भरावी. आधी तिथी पाहिली की पुनवेची अपुरी झोप लक्षात राहते आणि दशमीची विसरते. तिथी १९ ते २६ तासांची असते, म्हणून रात्री दहा वाजता चालू असलेलीच धरावी. कोजागरीचे जागरण, संकष्टीचे उशिरा जेवण, सौंदत्तीच्या यल्लम्माची मार्गशीर्ष पौर्णिमेची किंवा चिंचलीच्या मायाक्काची माघातली यात्रा या रात्री वेगळ्या काढाव्यात. तिथे झोप मोडते ती माणसांमुळे. आषाढ-श्रावणात खानापूरकडे आकाश सलग झाकलेले असते. त्या काळातही पुनवेआधी झोप घटत असेल, तर कारण चांदणे नव्हे.

पाळीचे सरासरी चक्र २९.५३ दिवसांच्या चांद्रमासाच्या जवळ जाते, पण निरोगी प्रौढ स्त्रीत ते २१ ते ३५ दिवसांचे असू शकते. प्रत्येकीची पाळी वेगळ्या तिथीला येते आणि तिथी सरकतही राहते. बाळंतपणाचा तर संबंधच दिसत नाही: अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ५,६४,०३९ जन्मांच्या तपासणीत चंद्रकलेनुसार फरक आढळला नाही. पुनवेला वेड उसळते हा समज १९८५ साली ३७ अभ्यास एकत्र तपासून जवळजवळ निकालात निघाला. अपवाद एवढाच, की उन्माद आणि नैराश्य झपाट्याने आलटून पालटून येणाऱ्या १७ रुग्णांत हे बदल चंद्रचक्राशी जुळल्याचे २०१८ साली नोंदले गेले.