मराठी मालिकांतील किशोरवय : सातारा-सांगलीच्या संदर्भात

दूरचित्रवाणीवरील मराठी दैनंदिन मालिकांमध्ये साधारण 10 ते 19 वर्षे वयाच्या मुलामुलींचे होणारे चित्रण. गेल्या दहा वर्षांत गावाकडची गोष्ट सांगण्यासाठी मालिकांनी सातारा-सांगलीचा पट्टा पुन्हा पुन्हा निवडला. ‘लागिरं झालं जी’ (2017) साताऱ्याकडच्या गावात घडली, ‘जीव झाला येडापिसा’ (2019) सांगली परिसरात चित्रित झाली आणि ‘देवमाणूस’ (2020) पुन्हा साताऱ्याकडे वळली. या मालिकांत वाडा दिसतो, ऊस दिसतो, खमकी आजी आणि आगाऊ पोरगंही भेटतं. नववी-दहावीतली मुलगी मात्र शोधावी लागते.

ती हरवते ‘लीप’मध्ये. कथानक एकदम काही वर्षे पुढे नेण्याला मालिकेच्या धंद्यात हा शब्द रुळला आहे. आठ-दहा वर्षांची गोड मुलगी आजच्या भागात अंगणात गिरकी घेते आणि ती गिरकी उद्याच्या भागात विशीतली नायिका पुरी करते. आवाज फुटण्याची, पाळी सुरू होण्याची, आरशापुढे तासभर उभे राहण्याची, बोर्डाच्या परीक्षेच्या धास्तीची वर्षे एका गिरकीत संपतात. मालिकेचा कणा लग्न हा असल्याने आणि मुलीचे लग्न अठराच्या आत कायद्याने होत नसल्याने लेखकाला ती अठरा पार झालेलीच हवी असते. चित्रीकरणाचीही अडचण आहे. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार चौदा वर्षांखालील बालकलाकाराला दिवसात 5 तासांपेक्षा जास्त किंवा विश्रांतीशिवाय 3 तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. त्याच्या कमाईतला किमान 20 टक्के भाग मुदत ठेवीत ठेवावा लागतो. नियम योग्यच आहेत. पण आठवड्याला सहा भाग पुरवायचे असले की शाळकरी मुलांची पात्रे दोन-चार प्रसंगांपुरती उरतात, किंवा विशीतले नट दोन वेण्या घालून त्या भूमिका करतात.

या वयापाशी खरोखर थांबलेली मालिका म्हणजे रमाबाई रानडे यांच्या जीवनावरील ‘उंच माझा झोका’ (2012). रमाबाईंचा जन्म 1862 चा, गाव देवराष्ट्रे. ते तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, 1960 मध्ये त्याचे नाव सांगली पडले, आणि आज देवराष्ट्रे सांगली जिल्ह्यात आहे. वयाच्या अकराव्या वर्षी त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या घरात आल्या तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हते. नवरा शिकवू पाहतो आणि घरातल्या बायका त्याच शिकण्यावरून टोचून बोलतात, या कात्रीतल्या मुलीला मालिकेने भरपूर वेळ दिला. तेजश्री वालावलकरची छोटी रमा महिनोन्महिने घराघरांत होती. मोठ्या रमेच्या भूमिकेत स्पृहा जोशी नंतर आली. वाढणे ही स्वतंत्र गोष्ट होऊ शकते, तिला लग्नाच्या पुढच्या भांडणांची गरज नसते, याचा एवढा ठोस पुरावा मराठी छोट्या पडद्यावर दुसरा नाही. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले 1848 मध्ये शिक्षिका झाल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. त्यांच्यावरची ‘सावित्रीजोती’ ही मालिका मात्र 2020 च्या जानेवारीत सुरू होऊन त्याच डिसेंबरात संपली.

आजच्या काळातल्या मालिकांत मुलग्यांचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटून जातो. ‘लागिरं झालं जी’चा अजिंक्य फौजी व्हायचे स्वप्न बघतो. साताऱ्यात हे स्वप्न घरोघरचे आहे. अपशिंगे या गावाची ‘मिलिटरी अपशिंगे’ ही ओळखच त्यातून झाली. पण सैन्यभरतीची किमान वयोमर्यादा साडेसतरा वर्षे, म्हणजे तयारी पंधरा-सोळाव्या वर्षीच सुरू होते. पहाटे पाचच्या गारठ्यात, अंगात बनियन, पायात भावाचे एक नंबर मोठे बूट, रस्त्याच्या कडेला ‘सोळाशे’ (भरतीतली सोळाशे मीटरची धाव) मारणारा अकरावीतला मुलगा आणि हातात मोबाइलचे स्टॉपवॉच धरून मागून ओरडणारा त्याचा मित्र: मालिका हा टप्पा ओलांडून थेट तरण्याबांड नायकापासून सुरू होते. मुलींच्या वाट्याला आणखी कमी येते. ‘लाखात एक आमचा दादा’ (2024) मध्ये सूर्याला चार बहिणी आहेत, पण कथा सरकते ती दादाच्या मायेतून आणि त्यांच्या लग्नांच्या काळजीतून. पाचवी ते बारावीच्या मुलींना मोफत एसटी पास मिळतो. तो दप्तराच्या पुढच्या कप्प्यात जपणाऱ्या, गाडी चुकली तर घरी काय सांगायचे ते स्टँडवर ठरवणाऱ्या मुलींचे जग कॅमेऱ्याला अजून सापडलेले नाही.

बोलीच्या बाबतीत या मालिकांनी मोठे काम केले. ‘लय’, ‘व्हय’, ‘लगा’ हे शब्द मुख्य वेळेत मानाने आले, आणि साताऱ्याच्या पोरांना पुण्यात गेल्यावर आपले बोलणे लपवावेसे वाटणे थोडे तरी कमी झाले असेल. मात्र या वयाची मुले एकच भाषा बोलत नाहीत. घरी आजीशी ‘न्हाई गं आज्जे’, सरांपुढे छापील मराठी, मित्राला ‘काय भावा’ आणि फोनवर हिंदी-इंग्रजीची सरमिसळ, हे सगळे एकाच दिवसात चालते. मालिकेतले पात्र सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच ठसक्यात बोलत राहते.