उर्दू प्रश्नावलीसाठी एथिक्स कमिटीची परवानगी: अर्ज नेमका कुठे अडकतो

बीपी-शुगरचे पेशंट गोळ्या नियमित घेतात का हे मोजणारी प्रश्नावली उर्दूत आणून तपासायची, असा थिसिस मालेगाव-भिवंडीकडे काम करणारे बरेच पीजी (पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर) घेतात आणि विषय खरंच गरजेचा आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात उर्दू मातृभाषा सांगणारे जवळपास ७५ लाख लोक होते. पण एथिक्स कमिटीकडून, म्हणजे संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीकडून, हे अर्ज परत येत राहतात, आणि कारणं तीच तीच.

पात्रतेचं फार काही नाही. गाईड हवा, संस्थाप्रमुखांचं पत्र हवं आणि कमिटी नोंदणी असलेली हवी. प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा), बायोडेटा वगैरे सगळे लावतातच.

लावत नाहीत ते मूळ प्रश्नावलीच्या मालकाचं परवानगीपत्र. "नेटवर फ्री आहे" ही परवानगी नव्हे. गोळ्यांची नियमितता मोजणाऱ्या मोरिस्कीच्या आठ प्रश्नांच्या स्केलला लायसन्स लागतं, ते न घेता छापलेला पेपर मागे घ्यावा लागल्याचं उदाहरण आहे. मेलला उत्तर यायला वेळ लागतो म्हणून विषय ठरला की त्याच आठवड्यात लिहा, आणि भाषांतर व व्हॅलिडेशन (भाषांतरित प्रश्नावली नीट मोजते का याची तपासणी) दोन्हींची परवानगी स्पष्ट शब्दांत मागा, नुसत्या वापराची नको. त्याआधी हेही बघा की उर्दूत काही तयार आहे का. जीमॅस नावाची ११ प्रश्नांची प्रश्नावली पाकिस्तानात उर्दूतच तयार झालीय. ती घेतली तरी परवानगी लागतेच आणि आपल्याकडच्या पेशंटना प्रश्न कळतात का हे तपासावं लागतंच.

आता खरी अडचण. कमिटी म्हणते अंतिम उर्दू प्रश्नावली जोडा, पण ती तर अभ्यासातूनच तयार होणार! इथे पोरं घाबरून घाईघाईत एखादं भाषांतर करून जोडतात आणि पुढे प्रश्न बदलले की सगळं फसतं. प्रोटोकॉलमध्ये सरळ दोन टप्पे लिहा. पहिल्यात दोघांची स्वतंत्र भाषांतरं, मूळ न पाहिलेल्यांकडून बॅक ट्रान्सलेशन (उर्दूतून परत मूळ भाषेत भाषांतर), तज्ज्ञांची बैठक आणि थोड्या पेशंटवर चाचणी, मग अंतिम उर्दू प्रत अमेंडमेंट (मंजूर प्रोटोकॉलमधला बदल) म्हणून कमिटीकडे द्यायची आणि मंजुरी आल्यावरच दुसरा टप्पा. आणि हो, चाचणीतले ते थोडे पेशंटसुद्धा अभ्यासातलेच, त्यांचीही कन्सेंट (लेखी संमती) लागते. मंजुरीआधी गोळा केलेला डेटा नंतर कोणी मंजूर करून देत नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा.

उर्दू कन्सेंट फॉर्म मात्र पहिल्या दिवसापासून लागतो, भाषांतर करणाऱ्याच्या सहीच्या सर्टिफिकेटसकट. इंग्रजी फॉर्मवर व्हर्जन २ आणि उर्दूवर व्हर्जन १, एवढ्यावरून अर्ज महिनाभर मागे जातो, कमिटीने हे फोनवर सांगून दुरुस्त करून घ्यायला काय हरकत आहे कळत नाही, पण तसं होत नाही, म्हणून तारीख आणि नंबर तुम्हीच जुळवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अंगठा आणि त्रयस्थ साक्षीदाराच्या सहीची जागा ठेवा, साक्षीदार तुमच्या टीममधला चालत नाही.

"नुसती प्रश्नावली आहे, परवानगी कशाला" असंही काहीजण ठरवून टाकतात. सूट द्यायची की नाही हे कमिटी ठरवते, आपण नाही, आणि त्यासाठीही अर्ज करावाच लागतो.

शेवटचं तारखेचं. नोटीसवर मीटिंगची तारीख ठळक असते आणि कागद द्यायची मुदत तिच्या बरीच आधी, खाली बारीक अक्षरात. ती वाचा. मुदत हुकली तर थेट पुढची मीटिंग, आणि ती दर महिन्याला असेलच असं नाही.