पोस्ट वापरलं म्हणजे सीएसआरएफ होत नाही?

‘डेटा बदलणारी रिक्वेस्ट गेटऐवजी पोस्टने घेतली की सीएसआरएफचा प्रश्न मिटला’ हे बरीच वर्षं फिरतंय. (सीएसआरएफ म्हणजे लॉगिन केलेल्या युजरच्या नकळत दुसऱ्या साइटने त्याच्या नावाने रिक्वेस्ट पाठवणं; गेट आणि पोस्ट या ब्राउझरने सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवायच्या दोन पद्धती.) पटण्यासारखं आहे, कारण नुसत्या लिंकने किंवा इमेज टॅगने पोस्ट जात नाही, पण फॉर्मने जाते ना! दुसऱ्याच साइटच्या पेजवर लपवलेला फॉर्म ठेवायचा, ॲक्शनमध्ये (फॉर्म कुठे पाठवायचा ते) तुमच्या साइटचा पत्ता, आणि जावास्क्रिप्टची एक ओळ तो आपोआप सबमिट करते. ब्राउझर कुकी (लॉगिनची ओळख सांगणारी, ब्राउझरमध्ये ठेवलेली नोंद) जोडताना मुख्यतः रिक्वेस्ट कुठे चाललीय ते बघतो, म्हणून सर्व्हरला वाटतं लॉगिन केलेल्या युजरनेच बटण दाबलं. त्या पेजला उत्तर वाचता येत नाही, पण पासवर्ड किंवा ईमेल बदलून झालेला असतो.

खात्री करायचीय तर स्वतःच्या टेस्ट साइटवर लॉगिन करा आणि असा फॉर्म वेगळ्या डोमेनवरून उघडा (नुसता पोर्ट बदलून भागत नाही, ती सेम साइटच धरतात), मग ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये कुकी गेली का बघा. सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून आलेल्या रिक्वेस्टसोबत कुकी पाठवायची का, हे ठरवणारी कुकीची सेटिंग) लॅक्स किंवा स्ट्रिक्ट असेल तर जाणार नाही, नन असेल तर सहसा जाते. तरी सबडोमेनवरून आलेली रिक्वेस्ट सेमसाइट अडवत नाही, त्यामुळे सेशनशी (त्या लॉगिनशी) बांधलेला रँडम टोकन, म्हणजे अंदाज न येणारा कोड, फॉर्ममध्ये हवाच, आणि सर्व्हरने तो खरंच तपासायला हवा, बऱ्याच ठिकाणी नेमकं तेच राहून जातं.