हेडफोनवरचं ७.१ आणि आपले दोन कान

चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जा, गेमिंग हेडफोनच्या खोक्यावर ‘७.१ सराउंड’ ठळक अक्षरांत छापलेलं दिसतं. होम थिएटरमध्ये या आकड्याचा अर्थ सरळ आहे: खोलीभर मांडलेले सात स्पीकर आणि दणक्यासाठी एक सबवूफर. हेडफोनमध्ये मात्र आवाज काढणारे ड्रायव्हर बहुतेक वेळा दोनच असतात, प्रत्येक कानाला एक. ही फसवणूक नाही. आपल्याला कानही दोनच आहेत आणि तेवढ्यावर आपण चारी दिशा ओळखतो. कशा ओळखतो हे कळलं की पैसे कशावर घालायचे ते ठरवणं सोपं जातं.

रात्री माडाच्या बागेत धप्पकन नारळ पडला की तो कुठल्या अंगाला पडला हे न बघता सांगता येतं. आवाज जवळच्या कानात आधी पोचतो, लांबच्या कानात जरा उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोनतृतीयांश एवढाच, पण मेंदूला तो पुरतो. नारळाच्या धपक्यासारख्या खर्जातल्या आवाजांना हे लागू पडतं. चढ्या आवाजांना डोकंच आड येतं, त्यामुळे लांबच्या कानाला ते क्षीण ऐकू येतात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली हे दोन्ही मार्ग एकत्र मांडले.

पण आवाज अगदी नाकासमोरून आला किंवा अगदी पाठीमागून, तर दोन्ही कानांत तो एकाच वेळी आणि सारखाच पोचतो. इथे कानाच्या पाळीचं काम सुरू होतं. पाळीच्या वळ्या आणि खोलगट भाग वेगवेगळ्या दिशांनी येणाऱ्या आवाजात वेगवेगळे बदल करतात. काही चढे सूर दाबले जातात, काही उठून दिसतात. घरच्या पडवीत हे करून बघा. डोळे मिटून बसा आणि कुणाला तरी तुमच्या समोर, डोक्यावर आणि मागे किल्ल्यांचा जुडगा वाजवायला सांगा. मान हलवायची नाही. आता दोन्ही कानांच्या पाळ्या बोटांनी डोक्याला चपट्या दाबून धरा, कानाची भोकं मात्र उघडी ठेवा आणि पुन्हा ऐका. डावं-उजवं तरीही कळतं, पण पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं यांत गोंधळ उडू लागतो. रातकिडा शोधायला गेलं की सापडत नाही, त्याचंही एक कारण हेच: तो एकच चढा सूर धरून बसतो, आणि एका सुरात पाळीला बदल करायला फारसं काही मिळत नाही.

माणसाच्या किंवा पुतळ्याच्या कानात बारीक मायक्रोफोन बसवून प्रत्येक दिशेसाठी हे सगळे बदल मोजता येतात. नॉयमन या जर्मन कंपनीनं पुतळ्याचं असं डोकं १९७३ मध्येच बाजारात आणलं होतं. सराउंडचं सॉफ्टवेअर हीच मापं वापरतं: मागच्या स्पीकरसाठी असलेल्या आवाजात मागून येण्याचे बदल मिसळून तो दोन कानांत सोडतं. अडचण एवढीच की मोजलेला कान तुमचा नसतो. म्हणून एकाच हेडफोनमध्ये एकाला पावलं पाठीमागे ऐकू येतात आणि दुसऱ्याला डोक्याच्या आत. दुसऱ्याचं कौतुक ऐकून विकत घेऊ नका, स्वतःच्या कानाला लावून बघा.

प्रत्येक कपात तीन-चार लहान ड्रायव्हर बसवलेले ‘खरे’ ७.१ हेडफोनही मिळतात. माझ्या मते ते घेऊ नयेत. कानाला इतकं चिकटून बसलेल्या ड्रायव्हरांना ना डोकं आड येतं, ना दोन कानांतला उशीर मिळतो. वजन मात्र वाढतं. त्याच पैशांत दोन चांगल्या ड्रायव्हरचा स्टिरिओ हेडफोन घ्या आणि दिशेचं काम यंत्रावर सोपवा. प्लेस्टेशन ५ हे काम साध्या पिनेच्या हेडफोनसाठीही करतो, आणि विंडोज १० व ११ मध्ये विंडोज सॉनिक हे सराउंडचं सॉफ्टवेअर फुकट येतं. सराउंड एकाच ठिकाणी चालू ठेवा. खेळाचं स्वतःचं आणि वर हेडफोनचं असं दोनदा लावलं तर सगळाच आवाज घुमल्यासारखा होतो. सिनेमाचा मूळ ट्रॅक ५.१ किंवा ॲटमॉस अशा सराउंडचा नसेल, तर नुसत्या स्टिरिओमधून खरी मागची बाजू निघत नाही.

वायरलेस घेताना खेळासाठी ब्लूटूथ टाळा. साध्या ब्लूटूथवर आवाज सेकंदाचा दहावा-पाचवा भाग मागे पडतो. सिनेमात ॲप चित्रही तेवढंच उशिरा दाखवून मेळ घालतं, खेळात ते शक्य नसतं. बरेचदा माइक चालू केला की दर्जाही कोसळतो. २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवाला (म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर सोबत येणारा) किंवा सरळ वायरचा बरा.

आता आपल्या हवेचं. पाठीमागून उघड्या, म्हणजे कपाची बाहेरची बाजू जाळीची असलेल्या हेडफोनमध्ये आवाज जास्त मोकळा आणि दूरवर पसरलेला वाटतो, आणि थंडीच्या शांत रात्री सिनेमा बघायला त्याला तोड नाही. पण आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना त्यातून काहीच ऐकू येणार नाही. नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा गोंगाट कापायची सोय, पंख्याची घरघर चांगली कापतं, पत्र्यावरच्या ताशात मात्र ते तोकडं पडतं. तिथं नीट बसणारे बंद कपच लागतात. नाहीतर हात आवाज वाढवायला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबलला मात्र फक्त ४ तास.

कपांच्या गाद्या रेक्झिनच्या असतील तर दमट हवा आणि घाम मिळून त्यावरचं पॉलियुरेथेन हे प्लॅस्टिक हळूहळू तोडतात आणि काळे पापुद्रे कानाला चिकटू लागतात. कापडी गाद्या तशा सोलत नाहीत, पण पावसाळ्यात त्यांवर बुरशी धरते. वापरून झाल्या की पंख्याखाली वाळवायच्या आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवायच्या. खाऱ्या वाऱ्यानं पिनेवर थर चढला की खरखर सुरू होते, तेव्हा ती कोरड्या कापडानं अधूनमधून पुसा. घेण्याआधी दुकानदाराला एक नक्की विचारा: याच्या गाद्या सुट्या मिळतात का, आणि वायर काढून बदलता येते का?