वासा कुजला की वाळवीने खाल्ला?

पावसाळ्यापूर्वी कौलारू घर शाकारताना कौले उतरवली की एखादा वासा बोटाने दाबला तरी आत जातो, आणि घरात लगेच ‘वाळवी लागली’ असे ठरून औषध फवारले जाते. कोकणातल्या घरांत अशा वाशाला बुरशीची कूज लागलेली असण्याचा संभव तितकाच असतो, आणि कुजीवर वाळवीच्या औषधाचा काही उपयोग होत नाही.

कुजीचे मूळ पाण्यात आहे. लाकडातील ओलावा सुमारे २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर बुरशी वाढू शकत नाही. म्हणून कूज फुटक्या कौलाखाली, पन्हळीच्या कडेला आणि विशेषतः जांभ्याच्या किंवा मातीच्या भिंतीत पुरलेल्या वाशाच्या टोकाशी धरते. असे लाकूड बहुधा तपकिरी पडते आणि आडवे-उभे तडे जाऊन त्याचे चौकोनी तुकडे सुटतात; काही बुरशींमुळे ते पांढरट व धागेदार होते. उन्हाळ्यात ते पूर्ण कोरडे दिसत असल्याने पाण्याचा संशयच येत नाही, आणि माझ्या मते खरी फसगत इथेच होते.

घरांत सर्रास आढळणारी वाळवी जमिनीतून, भिंतीवर मातीच्या नळ्या बांधत चढते. ती लाकूड रेषांच्या दिशेने आतून पोखरते आणि बाहेरचा पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे वासा वरून धड दिसतो, पण ठोकल्यावर पोकळ वाजतो आणि फोडल्यावर आत माती सापडते.

कुजलेल्या वाशाची दुरुस्ती पाण्याची वाट बंद करण्यापासून सुरू होते. त्यानंतर टेकू देऊन, कुजलेल्या भागापलीकडे बरेचसे निरोगी लाकूडही कापून, तिरकस सांध्याने व बोल्टने नवा तुकडा जोडावा किंवा शेजारी पूर्ण लांबीचा जोडवासा द्यावा. नवे लाकूड सागाचे असले तरी गाभ्याचे असावे, कारण सालीलगतचा पांढरा भाग सागाचाही टिकत नाही. भिंतीतल्या टोकाभोवती हवेला जागा ठेवावी. ओल्या लाकडावर तैलरंग चढवला तर ओल आतच कोंडते.

वाळवीच्या बाबतीत वासा बदलणे हे शेवटचे काम आहे. आधी जोत्यालगतच्या मातीवर उपचार हवा, ज्याची पद्धत भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात दिली आहे; तो न करता बसवलेला नवा वासाही वाळवी खाते.

ओलसर, कुजू लागलेले लाकूड वाळवीला सोपे जात असल्याने कधीकधी दोन्ही एकत्रही सापडतात. अशा वेळी गळती थांबवावी, मातीची नळी मध्येच थोडी मोडून ठेवावी आणि काही दिवसांनी पाहावे: ती पुन्हा बांधली गेली असेल, तर वाळवी अजून आत आहे.