भरतकामाचे प्राथमिक टाके

कापडावर सुई-दोऱ्याने नक्षी भरण्याच्या कलेला भरतकाम किंवा कशिदा म्हणतात. टाक्यांचे प्रकार पुष्कळ असले, तरी धावदोरा, उलटी टीप, देठटाका, साखळी, काजटाका आणि गाठीचा टाका एवढे हातात बसले की नवशिक्याला फुलापानांची बहुतेक नक्षी भरता येते.

धावदोऱ्यात सुई कापडाच्या खाली-वर सरळ चालते. बंगालमधील कांथा, म्हणजे जुन्या साड्या-धोतरांचे थर एकत्र शिवून केलेले भरतकाम, मुख्यतः याच टाक्यावर उभे आहे. उत्तर कर्नाटकातील कसूतीमध्ये धावदोऱ्याने सुटलेली जागा परतीच्या फेरीत भरून काढतात. या टाक्याला ‘गवंती’ म्हणतात. दोऱ्याला गाठ न मारल्यामुळे त्याची दोन्ही अंगे सारखी दिसतात. महाराष्ट्रात नेसल्या जाणाऱ्या इरकली साड्यांवरही हे काम आढळते.

शिकणाऱ्याने सर्वाधिक वेळ साखळीला द्यावा. सुई वर काढून दोऱ्याचा फास डाव्या अंगठ्याखाली धरावा, दोरा जिथून वर आला त्याच छिद्रात सुई पुन्हा घालावी आणि थोडे पुढे फासाच्या आतून बाहेर काढावी. दोरा जास्त ओढला तर कडी मिटते व कापडाला चुण्या पडतात. सैल सोडला तर कडी वेडीवाकडी लोळते. ही ओढ सांगून कळत नाही, ती बोटांनाच उमगावी लागते. साखळीची एकच कडी टोकाशी बारीक टाक्याने पक्की केली की पाकळी होते, तिलाच लेझी डेझी म्हणतात. कच्छमधील ‘मोची भरत’ या भरतकामात हीच साखळी आरी नावाच्या आकडीदार सुईने भरतात.

गाठीच्या टाक्यात दोऱ्याचे एक-दोन वेढे सुईवर घेऊन ती मूळ छिद्राच्या अगदी शेजारी खाली घालतात; त्याच छिद्रात घातल्यास गाठ मागे निसटते. भरीव सॅटिन टाका दिसायला सोपा, पण त्याच्या कडा एकसारख्या राखणे अवघड असल्याने तो शेवटी शिकलेला बरा.

सरावासाठी घट्ट विणीचे फिकट सुती कापड रिंगमध्ये ताणून बसवावे. लडीतला दोरा सहा पदरी असतो. त्यातील दोन किंवा तीन पदर पुरतात. दोरा हातभरच घ्यावा, कारण लांब दोरा गुंततो आणि कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन पिंजतो. पुरे झालेले काम जाड टॉवेलवर पालथे ठेवून मागच्या बाजूने इस्त्री करतात, म्हणजे गाठींचा उठाव दबत नाही.